वर्गाकडे पाठ करून बसणाऱ्या शेवंतीबाई

शेवंतीबाई वर्गात येतात, खुर्ची फळ्याकडे वळवतात आणि मुलांकडे पाठ करून बसतात. मग पिशवीतून सूप निघतं, सुपात लसूण पडतो. समोर काळा फळा, मागे नववीतली बावन्न मुलंमुली.

"हां, विचारा," बाई फळ्याला सांगतात. "मी नाय बघत."

आणि मुलं विचारतात! माझं दुखणं नेमकं इथे आहे.

शाळकरी वयात मुलींवर आईपण येऊन पडू नये, म्हणून आमची संस्था पालघरच्या आसपासच्या शाळांमध्ये तास घेते. शिरगावच्या वाटेवरच्या एका शाळेत मंगळवारचा तास माझा. शुक्रवारचा शेवंतीबाईंचा. त्या नवापूरच्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. संस्थेच्या नव्हेत, शाळेनंच त्यांना बोलावलेलं.

माझ्याकडे रंगीत तक्ते आहेत. कुलूप असलेली प्रश्नपेटी आहे. "मनातला कोणताही प्रश्न निर्भयपणे टाका!" असं मी तिच्यावर लाल अक्षरांत लिहिलंय. तीन महिन्यांत पेटीत सापडलं ते असं: चॉकलेटचा कागद, पेनाचं टोपण आणि एक चिठ्ठी, "मॅडम, तास कधी संपणार?"

माझे वडील बोईसरच्या कारखान्यांच्या गेटवर पाळी सुटताना पत्रकं वाटायचे. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवरून. खरी गोष्ट ठळक टाइपात छापली की जग हलतं, हा माझा लहानपणापासूनचा विश्वास. या शाळेसाठीही मी एक पत्रक लिहिलं होतं, "शरीर तुझं, निर्णय तुझा!" त्यात अकरा उद्गारचिन्हं होती. शेवंतीबाईंनी त्याच्या वीस प्रती मागून घेतल्या, तेव्हा मी दोन दिवस हवेत होते. शुक्रवारी बघते तर पत्रक जमिनीवर पसरलेलं आणि त्यावर लसणाच्या साली.

"कागद चांगला हाय गो तुझा," बाई म्हणाल्या. "जाड हाय. साल उडत नाय."

बाईंच्या तासाला मी व्हरांड्यातून कान लावायचे. आत बाजार भरल्यासारखा गलका असायचा.

"नर्सबाई, ते आलं की डोकं धुवायचं नाय, खरं का?"

"ते म्हणजे काय? पावणे आले का घरी? पाळी म्हण. आणि धू डोकं, बिनधास्त धू. पुढचा!"

"बाई, पाळीची तारीख लिहून ठेवायची लाज वाटते."

"आमच्याकडे भरती कधी, ओहोटी कधी, बारकं पोरगं पण सांगतं. त्याची लाज नाय, मग हिची कसली? लिही कॅलेंडरावर. पुढचा!"

मुलगे खिदळले की सूप थांबायचं. "हसतोस काय रे? पोर काय एकटी पोरगी बाजारातून आणते? तू पण ऐक. तुला तर आधी ऐकायला पायजे. अठराच्या आत पोरगी आई झाली तर तिचा जीव जातो, तुझं मात्र हसू पण जात नाय."

हेच मी तक्ता क्रमांक चारमध्ये सांगते. सुसंगत मांडणी करून सांगते. तेव्हा मुलं खिडकीबाहेरची बकरी बघतात.

एका मंगळवारी मी मनाचा हिय्या केला आणि खुर्ची फळ्याकडे वळवली. लसूण आणला नव्हता. तत्त्वाचा प्रश्न होता. "विचारा, मी बघत नाहीये," मी म्हटलं. पाच मिनिटं शांतता. दहा मिनिटं शांतता. मग मागून एक घाबरा आवाज आला, "मॅडम, आमचं काय चुकलं का?" मी वळले. निम्मा वर्ग अंगठे धरून उभा होता.

दिवाळी जवळ आली तसं मुख्याध्यापकांनी सांगितलं, आता दोन तास जमणार नाहीत, एकच ठेवू. कुणाचा ते बघू. माझा तास शास्त्रीय आहे, याबद्दल मला शंका नव्हती. पण त्यांना असावी. म्हणून पुढच्या शुक्रवारी मी वही घेऊन शेवटच्या बाकावर जाऊन बसले. आरोप करायचा तर पुरावा द्यायचा, हे आमच्या घरचं वळण.

मी लिहीत गेले. तक्ता नाही. लसूण सोलणे चालू. बकरीबद्दल अवांतर चर्चा (तीच बकरी).

मग खिडकीजवळून एक बारीक आवाज आला. "बाई, दोन महिने पाळी नाय आली, तर दर वेळी तेच असतं का?"

 बाईंचे हात लसूण सोलतच राहिले.

"दर वेळी तेच नसतं," त्या फळ्याला म्हणाल्या. "अंगात रक्त नसेल, पोटाला नीट नसेल, तरी चुकते. पण अंदाज करत बसू नको. रिटायर झाले तरी गुरुवारी आरोग्य केंद्रात मी असते. चार मैत्रिणी घेऊन ये, म्हंजे कोण कुणासाठी आली ते कळणार नाय. पुढचा!"

बाईंनी कोण ते पाहिलं नाही. मी पाहिलं. मुलींच्या रांगेतला तिसरा बाक, खिडकीची बाजू. आणि मी ते लिहिलं.

माझा अहवाल दोन पानी होता. लसूण, तक्ता, शिस्त, सगळं होतं. मुख्याध्यापकांनी ते भराभर उलटलं आणि बोट नेमकं तिसऱ्या बाकावर ठेवलं.

"कोण ही? बापाला बोलवा."

मी हादरले. तिचा बाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातो. गेल्या वर्षी थोरलीला सोबत नेलं आणि तिकडेच तिचं लग्न लावून टाकलं. हिला यंदा आत्याकडे ठेवणार होता, शाळेसाठी. त्याला हे कळलं असतं तर शाळा तिथेच संपली असती. ज्या गोष्टीविरुद्ध मी अकरा उद्गारचिन्हं खर्ची घातली होती, तीच मी दोन पानांत घडवून आणत होते.

"सर, मी तास कसा चालतो ते दाखवायला लिहिलंय, मुलीबद्दल नाही."

"शाळेच्या नावाचा प्रश्न आहे," ते म्हणाले आणि त्यांनी शेवंतीबाईंनाही बोलावणं धाडलं.

बाई आल्या. अहवाल वाचून दाखवला तो त्यांनी शांतपणे ऐकला. मग म्हणाल्या, "सर, तो प्रश्न माझा. मीच दिला त्या पोरीला, विचार म्हणून. कुणी विचारेना, तर मी काय करू?"

"म्हणजे तुम्ही मुलींना असले प्रश्न पढवता?"

"हो."

"मग तुमचा तास बंद."

"बरं," बाई म्हणाल्या. "माझं सूप वर्गात राह्यलंय, तेवढं घेते."

बापाला बोलावणं गेलं नाही. तास मला मिळाला.

मी त्यांच्या मागे फाटकापर्यंत धावले. "बाई, चुकलं माझं. ती मुलगी म्हणजे आपली..."

त्यांनी दोन्ही हात कानांवर ठेवले. "नाव नको सांगू! मी बघितलं नाय, मला बघायचं पण नाय."

मग फाटकाला टेकून, माझ्याकडे न बघता बोलल्या. "दवाखान्यात होते तेवा लय तोंडाची मी. एक पोरगी आली, तुमच्या नववीतल्या पोरींएवढी. पोटुशी. मी विचारलं, तेवा लाज नाय वाटली? ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत राह्यली. दोन दिवस होती. मग कायच बोलली नाय. दुखतंय, हे पण नाय सांगितलं मला. वाचली नाय गो ती." त्यांनी पदरानं चेहरा पुसला, घाम पुसावा तसा. "माझं तोंड वाईट. पोरी बघतात आणि गप होतात. म्हणून दाखवत नाय."

  बाई रिक्षात बसून गेल्या.

दिवाळीनंतर माझा पहिला तास झाला. तक्ता क्रमांक एक ते चार. प्रश्न शून्य. संध्याकाळी मी नवापूरला गेले. बाई ओट्यावर एकट्याच बसल्या होत्या. मी नीट बसायच्या आतच त्यांनी विचारलं,

"किती पोरं आली?"

"बावन्न."

"सगळी?"

"सगळी."

त्या ओट्यावर जरा पुढे सरकल्या. "ती? नाव नको. तिचा बाक भरला व्हता का, एवढंच सांग."

"भरला होता."

बाईंनी श्वास सोडला. "तेवा, त्या प्रश्नानंतरच्या गुरुवारी आठ जणी आल्या होत्या केंद्रात, एकमेकींच्या वेण्या धरून. डॉक्टरीणबाईंनी आठी जणींना तपासलं. आठी जणींना रक्त कमी, दुसरं काय नाय. आठी जणींना गोळ्या दिल्या. त्यातली कुठली ती, मी विचारलं नाय."

आत जाऊन त्यांनी माझ्यासाठी चहा टाकला. मला त्या घडीला मत्सर वाटला, आणि तो शेवंतीबाईंचा नव्हता. तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलीचा होता. बाईंना तिचा चेहरा माहीत नाही, नाव माहीत नाही, आणि तरी तिचा बाक भरला का म्हणून कुणीतरी संध्याकाळभर ओट्यावर बसून राहतं. माझ्यासाठी असं कोण बसलं असतं?

"पुढच्या मंगळवारी पण ये सांगायला," निघताना बाई म्हणाल्या.

तेव्हापासून मी दर मंगळवारी जाते. बाक भरला होता, एवढं सांगते, चहा पिते, परत येते. माझा तास कसा झाला, हे त्यांनी अजून एकदाही विचारलेलं नाही.