आत्याच्या इंग्रजी शिव्या

"सेमिकोलन! तू सेमिकोलन, तुहा बाप सेमिकोलन, अन् तुमचं सारं खानदान सेमिकोलन!"

नळावरून आवाज आला आणि मी खिडकीतून मागे सरकले. गल्ली एकदम गप्प झाली होती. भांड्यांचा आवाजही थांबला. मग नळासमोर राहणारे तुळशीरामजी बोलले, नेहमीपेक्षा बरेच हळू. "बाई, तोंड सांभाळून बोल."

त्यांना शिवीचा अर्थ कळला नव्हता, पण शिवी जबर आहे एवढं कळलं होतं. देणारीलाही अर्थ ठाऊक नव्हता. आमच्या गल्लीत तो अर्थ माहीत असलेली मी एकटीच होते, आणि मी तोंड उघडणार नव्हते.

शिवी देणारी माझी बायजाआत्या, बाबांची थोरली बहीण. शिवी शिकवणारी मी.

आत्याचा नवरा फार लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. आजी वारल्यावर बाबांना तिनंच वाढवलं, गाव सोडून त्यांना खामगावला आणलं, शाळेत घातलं. बाबांना पोस्टात नोकरी लागेपर्यंत ती इथल्या एका जिनिंगमध्ये कापूस निवडायला जायची. तिथल्या यंत्रांच्या धडधडाटात बोलायचं म्हणजे ओरडावंच लागतं. जिनिंग सुटलं, आवाज तसाच राहिला. घरात ती "मीठ कुठी ठुलं वं?" म्हणाली की शेजारच्या काकू वाटीत मीठ घेऊन यायच्या.

माझं उलट. बाबांनी मला लहानपणीच नागपूरला इंग्रजी शाळेत घातलं, तिथल्याच हॉस्टेलात ठेवलं. मराठी बोललं की शिक्षा व्हायची आणि इंग्रजी येत नव्हतं, म्हणून गप्प राहायची सवय लागली. पुढे इंग्रजी आलं, पण सवय गेली नाही. शिकून घरी परत आले तेव्हा आत्या मला दोन दिवस निरखत होती. तिसऱ्या दिवशी बाबांना म्हणाली, "पोट्टी चांगली हाये. आवाज तेवढा तिकडंच राह्यला."

आत्याच्या जुन्या शिव्या मी ऐकलेल्या नाहीत. ज्यांनी ऐकल्या ते लोक त्यांच्याबद्दल जुन्या पैलवानाबद्दल बोलावं तसं बोलतात. एका मुकादमाला तिनं जिनिंगच्या फाटकापासून थेट बाजारापर्यंत शिव्या दिल्या आणि एकही शिवी दुसऱ्यांदा आली नाही म्हणे. काकू सांगायच्या, "भांडन कोनाचं का असंना, आमी बायजाबाईले आयकाले जाचो." यात गंमत होती, पण आत्याची त्यामागे सोयही होती. तिच्याकडे काठी नव्हती, वावर नव्हतं, ओळखीचा पोलीस नव्हता. जे काही होतं ते तोंडात होतं.

मग दीक्षेचं साल आलं. आत्या नागपूरला गेली आणि पांढरं लुगडं नेसून परतली. पंचशील तिला जड वाटलं नाही. चोरी नाही, दारू नाही, खोटं नाही, जीव घ्यायचा नाही, वाकडं पाऊल नाही. शिव्यांचा त्यात कुठे उल्लेख नव्हता, त्यामुळे ती निर्धास्त होती. दोन महिन्यांनी आमच्या वस्तीत भंतेजी आले. विहार म्हणजे तेव्हा चार खांबांवर टाकलेले पत्रे. तिथे बसून त्यांनी सम्यक वाचा समजावून सांगितली. कठोर बोलणं हेही एक प्रकारचं मारणंच, असं ते म्हणाले.

आत्या उठून उभी राहिली. "शिवी बी?"

"शिवीसुद्धा."

"मनातल्या मनात देल्ली तं?"

"ती तर सगळ्यात आधी."

त्या दिवसापासून आत्यानं शिवी सोडली. बाबांनी मला हॉस्टेलला पत्रात लिहिलं होतं की आक्कानं राग सोडला आहे आणि त्यांच्या एकाही शर्टाला बटण उरलेलं नाही. कारण राग आला की ती धुणं काढायची. भाकरी इतक्या जोरानं थापायची की आरपार उजेड दिसावा. एकदा बाबा म्हणाले, "आक्का, राग आला की आधी सांगत जा. मी शर्ट लपवतो." तर त्याच दिवशी चादर फाटली.

भंतेजींनी पुढच्या खेपेला आणखी एक गोष्ट सांगितली. पाहुण्यापुढे ताट ठेवलं आणि त्यानं घेतलं नाही, तर ते ताट कोणाचं? घरवाल्याचंच. शिवीचंही तसंच आहे, आपण घेतली नाही की देणाऱ्याजवळच राहते. आत्याला हे फार आवडलं. तेव्हापासून कोणी वाकडं बोललं की ती हात वर करून म्हणायची, "घेत नाई! घरी घेऊन जा, लेकराबाळाईले वाटा." भाजीबाजारात मात्र यानं घोटाळे व्हायचे. भाजीवाल्याला वाटायचं, बाई वांगी घेत नाही म्हणते.

पण न घेणं वेगळं आणि द्यायला जवळ काहीच नसणं वेगळं. एका दुपारी आत्यानं दार लोटून घेतलं आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"काऊन वं, तुमच्या इंग्रजीत शिव्या असतीनच ना?"

"असतील."

"मले दोन-तीन दे."

"आत्या, पण तुझं शील..."

"आयक तं खरी. म्या देल्ली, त्याले समजलीच नाई. समजली नाई तं त्यानं घेतली कशी? अन् मले बी समजत नाई, मंग त्यात कठोर काय राह्यलं? सांग."

मी बराच विचार केला. मला त्यात खोट सापडली नाही. अजूनही सापडलेली नाही.

अडचण एवढीच की मला इंग्रजी शिव्या येत नव्हत्या. शाळेतल्या सिस्टर लोकांनी शिकवल्या नव्हत्या आणि ज्या मुलींना येत होत्या त्या माझ्याशेजारी बसत नसत. पण आत्याला नाही म्हणायचं तर बरंच बोलावं लागलं असतं. समोर व्याकरणाचं पुस्तक उघडं होतं. मी त्यातून तीन शब्द दिले.

आत्यानं त्यांची लगेच वर्गवारी केली. ॲडव्हर्ब किरकोळ रागासाठी: मांजर, दूधवाला, ओली लाकडं. पास्ट पार्टिसिपल तिच्या तोंडात बसेना, तो 'पासपाटील' झाला आणि मधल्या रागासाठी ठेवला गेला. सेमिकोलन तिनं दोन-तीनदा तोंडात घोळवला. "हा जड हाये," ती म्हणाली. "हा नळावर कामी येईन."

नळ नगरपालिकेचा होता. पण तुळशीरामजींचं घर नळासमोर, म्हणून नळ आपला असा त्यांचा समज होता. सकाळी पाणी आलं की ते ओट्यावरून उतरून काठी घेऊन उभे राहत आणि आमच्या वस्तीतल्या बायकांच्या घागरी त्या काठीनं बाजूला सारत. हात लागू नये म्हणून काठी. आधी बाकीच्यांनी भरायचं, उरलं तर आम्ही. हाकही मारायचे ती जातीच्या जुन्या नावानं. आम्ही धर्म बदलला हे त्यांना जसं कोणी कळवलंच नव्हतं.

सेमिकोलनचा त्यांच्यावर चांगला परिणाम झाला. त्या सकाळी आमच्या बायकांच्या घागरी पहिल्यांदा आपल्या नंबरावर भरल्या. पुढचे काही आठवडे आत्या नळावर नुसती "से..." म्हणाली तरी काठी मागे जायची.

हे सुख पौर्णिमेला संपलं. भंतेजी आले होते. आत्याच्या मनात कुठेतरी टोचत असावं, कारण वंदना झाल्यावर ती त्यांच्याजवळ गेली आणि दबक्या आवाजात विचारलं की असं चालतं का. आत्याचा दबका आवाज पत्र्याखाली बसलेल्या सगळ्यांनी ऐकला.

"शब्द कोणता?" भंतेजींनी विचारलं.

आत्यानं सांगितला. भंतेजींनी मान उंचावून मागे बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"अर्धविराम," मी म्हणाले. मला वाटतं, त्या विहारात मी बोललेला तो पहिला शब्द.

भंतेजी हसले नाहीत, फक्त त्यांचं चीवर खांद्यावर हलत होतं. "बायजाबाई, वाक्यात जरा थांबून मग पुढे जायचं असलं की ती खूण करतात."

 घराच्या दारात आत्यानं मला अडवलं.

"म्हंजे म्या त्याच्या साऱ्या खानदानाले जरा थांबा म्हनलं?"

"हो."

"अन् ॲडव्हर्ब?"

"क्रियाविशेषण."

"माय वं! अन् तो दूधवाला दोन दिस आला नाई बिचारा!"

तिनं तिन्ही शब्द मला परत केले. दुसऱ्या दिवसापासून ती नळावर रिकाम्या तोंडानं जाऊ लागली. तुळशीरामजींनाही आठवडाभरात ते कळलं असावं, कारण काठी पुन्हा पुढे आली.

थंडीत आत्याला ताप भरला. ती झोपून होती, म्हणून नळावर मी गेले. माझा नंबर आला तेव्हा तुळशीरामजी काठी टेकून उभे होते. त्यांनी घागर पूर्ण भरू दिली. मग काठी लावून आडवी केली. घागर दगडावर पडली, पाणी माझ्या पायांवरून गेलं. मी घागर उचलली आणि घरी आले.

आत्यानं पडल्यापडल्या घागरीला आलेला पोचा पाहिला. "कोनं?"

 तिला उत्तराची गरजच लागली नाही. अंगावरची गोधडी तशीच खांद्यावर टाकून, घागर आणि लोटा उचलून ती निघाली. मी मागे.

गल्लीला कसं कळलं कोण जाणे. बायका हातातलं काम टाकून बाहेर आल्या. काकू भिंतीवरून ओरडल्या, "बायजाबाई, आज एक दिस शीलाले सुट्टी देऊन टाका!" दुसरी म्हणाली, "आज देल्ली तं पुण्य लागन वं!" सगळ्यांना जुनी आत्या हवी होती. खरं सांगायचं तर मलाही.

आत्यानं घागर नळाखाली ठेवली. तुळशीरामजींनी तोंड सोडलं. अस्सल मराठीत, आईपासून सुरुवात करून.

"घेत नाई," आत्या म्हणाली.

त्यांनी जुनं नाव घेतलं.

"थे बी घेत नाई. तुमच्यापाशीच असू द्या."

काठी वर गेली. आत्याचा चेहरा मला दिसला. ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले. मग तिनं एकदम माझ्याकडे पाहिलं, मला कोपरानं मागे ढकललं आणि माझ्या व काठीच्या मधे उभी राहिली. घागरीसोबत आणलेला लोटा नळाखाली भरला आणि दोन्ही हातांत धरून पुढे केला.

"लय राग आला भाऊ तुमाले. अशा रागानं जीव जाईन एखाद्या दिवशी. घ्या, पानी प्या दोन घोट."

तुळशीरामजींनी लोट्याकडे पाहिलं. तेच पाणी, त्याच नळाचं, त्यांच्या घरात रांजणभर होतं. आत्या एक पाऊल पुढे झाली, ते एक पाऊल मागे. आत्या आणखी पुढे. "घ्या ना भाऊ, लाजता कायले?" लोटा अंगाला लागू नये म्हणून त्यांनी दोन्ही हात मागे घेतले आणि काठी खाली पडली. ती उचलायला वाकायचं तर लोट्याजवळ यावं लागत होतं. ते तसेच घरात गेले. गल्ली इतकी हसली की काकूंना भिंत धरावी लागली.

घागर भरून आम्ही घरी आलो. मला वाटलं, आता आत्या हसेल. ती चुलीशी बसली. 

"मले भेव वाटलं वं," ती म्हणाली. "काठी उचलनारा मानूस ज्याचा राग आला त्याले मारत नाई. बाजूच्याले मारते."

बाबांना डाव्या कानानं ऐकू येत नाही. लहानपणी तापात कान गेला, असं घरात सांगतात. त्या दिवशी आत्यानं मला दुसरं सांगितलं. गावात विहिरीवर एका माणसानं तिचं मडकं फोडलं होतं. तिनं त्याला शिव्या दिल्या, येत होत्या तेवढ्या सगळ्या. बाईवर हात कसा टाकायचा, म्हणून त्यानं तिच्या लुगड्याला धरून उभ्या असलेल्या भावाला हाणलं. बाबा आठ वर्षांचे होते. ताप मागून आला. त्यांना ताप तेवढा आठवतो.

"माह्या तोंडाचा मार त्यानं खाल्ला," आत्या म्हणाली. "मंग म्या शिव्या देतच राह्यली. मुकादम बदलले, पन समोर मले तोच मानूस दिसे."

"बाबांना कधी सांगितलं नाहीस?"

"सांगतलं ना. रोज सांगनं चालू असते. वंदना झाली का त्याच्या डाव्या अंगानं बसून सांगते सारं, माफी मांगते." तिनं पदरानं नाक पुसलं. "तिकडून त्याले आयकू येत नाई ना."

मारलं त्या माणसानं, तू नाही, असं मला म्हणायचं होतं. शब्द तयार होते, मराठीतच होते. बाहेर आले नाहीत.

संध्याकाळी बाबा आले. वंदना झाली. बाबा पेपर घेऊन टेकून बसले आणि आत्या गोधडी सावरत त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसली. तिचे ओठ हलू लागले. दिवसभरात तिचा आवाज ऐकू येत नाही अशी ती एकच वेळ. बाबांनी पेपरचं पान उलटलं.

मी उठले. बाबांच्या हातातला पेपर काढून घेतला. त्यांनी चमकून वर पाहिलं. आत्या मान हलवून मला नको नको म्हणत होती.

"बाबा," मी म्हणाले, आणि माझा आवाज इतका मोठा आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, "जरा या बाजूला वळा. आत्या तुमच्याशी बोलतेय."