हरीनानांची सुरगाठ

हरीनाना माणूस भेटला की त्याच्या तोंडाकडे बघत नाहीत. आधी बुटाच्या नाड्या बघतात, मग पायजम्याची नाडी बाहेर लोंबतेय का ते, मग हातातल्या पिशवीचं तोंड कशानं बांधलंय ते. सगळं ठीक असलं तर मान वर करून "कवा आलास रं?" म्हणतात. ठीक नसलं तर तिथल्या तिथे उकिडवे बसतात आणि भर रस्त्यात तुमची नाडी सोडून पुन्हा बांधतात. मी बँकेत नोकरी करणारा, डोक्यावरचे केस निम्मे गेलेला बाप्या माणूस. पण खोपोलीच्या एसटी स्टँडवर नानांनी माझे दोन्ही बूट बांधून दिलेले आहेत आणि कॉलेजच्या मुली ते बघत होत्या.

नानांचा धंदा मंडपाचा. लोधिवलीपासून भिवपुरीपर्यंत ज्याच्या त्याच्या लग्नाला नानांचंच कापड. माझ्याही लग्नाला होतं. भटजी शेवटच्या मंगलाष्टकावर आले आणि नाना शिडीवरून उतरून थेट बोहल्यावर चढले. माझ्या मुंडावळ्या मागून सोडल्या आणि नव्याने बांधल्या. भटजी थांबले. मुठीत अक्षता धरून सगळा मांडव थांबला. "ढिल्ला कारभार," एवढंच म्हणून नाना परत शिडीवर गेले. माझी बायको सुजाता डोंबिवलीची. लग्नाचे फोटो आले तेव्हा माझ्या डोक्यामागचे दोन काळे, भेगाळलेले हात बघून तिने पहिला प्रश्न विचारला, "हे कोणाचे?"

मयताला गेले तरी तेच. गावातले एक म्हातारे तात्या वारले तेव्हा नानांनी तिरडी उचलू दिली नाही. चारही बाजूंनी फिरून एकेक सुतळी ओढून बघितली. तात्यांचा मुलगा रडायचं थांबून बघत राहिला. नाना म्हणाले, "माणूस गेला म्हणून काय झालं? वाटंत सुटाय नको."

निरगाठ मारणाऱ्याला नाना माणसात धरत नाहीत. "निरगाठ काय, कोण बी मारतो. वढली की झालं. मंग सोडाय कोयता लागतो. गाठ कशी पायजे, वादळात हलायची नाय आणि आपण म्हटलं की एका बोटात सुटली पायजे." ही त्यांची सुरगाठ. ती त्यांच्याखेरीज कुणाला जमत नाही, असं त्यांचं स्वतःचं मत आहे. "माझी गाठ कधी आपसूक सुटली असं कुणी म्हणून दाखवावं," हे ते कुणी विचारलं नसतानाही सांगत असतात. एकदा कर्जतच्या एका मंडपवाल्याने चेष्टेत तसं म्हटलं, तर नाना त्याच्याशी दोन वर्षं बोलले नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही, त्यातला हा प्रकार.

मग करोनाच्या साली ऐन लग्नसराईत टाळेबंदी आली. नानांचे बांबू गोदामात उभेच्या उभे राहिले.

आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत पेशंट सापडला, जिना बंद झाला. सुजाताला सातवा महिना लागला होता. हातापाया पडून पास मिळवला आणि भाजी टाकून रिकाम्या परतणाऱ्या टेंपोतून आम्ही गावी आलो. आईवडील गेल्यापासून आमचं घर बंदच होतं, पण किल्ली चुलतभावाकडे होती. ती हातात पडायच्या आत सरपंच आडवा आला. सरपंच म्हणजे दिनकर, माझ्या वर्गातला. लांब उभा राहून म्हणाला, "राग मानू नको रं. मुंबईवाल्यांनी चौदा दिवस शाळेत ऱ्हायचं, असं ठरलंय."

शाळा दोन खोल्यांची, पत्र्याची. फाटकात गावच्या करोना समितीच्या पोरांनी एक बांबू आडवा बांधला होता. त्या पलीकडे कुणी यायचं नाही. चुलतभावाची बायको डबा बांबूखालून सरकवायची आणि आम्ही उचलायच्या आत पाठमोरी झालेली असायची. सुजाता दिवसभर बाकावर पाय वर घेऊन बसायची आणि पत्र्याकडे बघायची.

पहिल्याच सकाळी हरीनाना आले. मला वाटलं, चौकशीला आले. ते फाटकातली गाठ बघत होते.

"ही कुणी बांधली?"

"समितीच्या पोरांनी."

"गाठीत माणूस दिसतो," नाना म्हणाले. त्यांनी गाठ सोडली, बांबू सरळ केला, पुन्हा बांधला. मग तिथेच दगडावर बसून तासभर बोलले. दुसऱ्या दिवशी गाठ तपासायला आले. तिसऱ्या दिवशीही आले. सुजाता बाहेर आली की तिला लांबून मास्क शिकवायचे. "सूनबाई, खालची नाडी मानंवर घे. वरची डोक्यावर. कानाला अडकवू नको, कान म्हंजी खुंटी नाय." सुजाता आत येऊन चिडायची. म्हणायची, सगळं गाव आपल्याला टाळतंय आणि हा एकटा रोज येतो तो नाडीसाठी.

आठव्या दिवशी फोनवर संदेश यायला लागले. चक्रीवादळ येतंय, आपल्यावरूनच जाणार. देवळाच्या भोंग्यावरून दिनकरने सांगितलं की कुणी घराबाहेर पडू नका, पत्र्याखाली थांबू नका. आम्ही पत्र्याखालीच होतो. मी बाकावर चढून बघितलं तर निम्मे हूक गंजून तुटलेले, पत्रा हाताने वर ढकलता येत होता. तेही माझ्या हाताने.

दिनकरला फोन केला. म्हटलं, मला राहू दे, निदान हिला कुणाच्या तरी स्लॅबच्या घरात घ्या. तो म्हणाला, "बघतो." चुलतभावाला केला. तो म्हणाला, "तसं नाय रं, पण घरात पोरं लहान हायत. तरी बघतो." गावात नाही कुणीच म्हटलं नाही. सगळे बघत होते. मला त्या दिवशी सगळ्या गावाचा राग आला होता आणि भीतीही वाटत होती. दोन्ही एकदमच.

वादळाच्या दिवशी सकाळी नानांचा टेंपो फाटकात आला. मागे बांबू, शिडी, काथ्याच्या दोरांची वेटोळी. नानांनी एका बोटाने फाटकातली गाठ सोडली आणि बांबू बाजूला केला.

दिनकर धावत आला आणि रस्त्यापलीकडे थांबला. "नाना, आत जाऊ नका, ते कोरंटीन हाय."

"छप्पर बी कोरंटीन हाय काय?"

"तसं नाय, पण तुमाला बी मंग चौदा दिवस आत बसावं लागंल."

"बसतो," नाना म्हणाले. "मला कुठं लग्नाला जायचंय."

त्यांनी टेंपो आत घेऊन बांबू पुन्हा आडवा बांधला. कारण शेवटी फाटक ते फाटक.

मग मला जन्मात कुणी राबवलं नसेल तसं राबवलं. पत्र्यावर आडवे बांबू, बांबूवरून दोर, दोर खाली ओढून जमिनीत ठोकलेल्या मेखांना. एक दोर हातपंपाला, एक झेंड्याच्या खांबाला. अंगणात गुलमोहर होता, लाल फुलांनी भरलेला. मी दोर घेऊन तिकडे निघालो तर नाना वरून ओरडले, "झाडाला नाय बांधायचं. झाड पडलं तर छप्पर घिऊन जाईल." मी मारलेली प्रत्येक गाठ त्यांनी सोडली. "बँकेत असंच काम करता काय रं तुमी?" म्हणाले.

दुपार व्हायच्या आत वारा सुटला. नाना तसेही आता आतलेच होते. आम्ही तिघं पहिलीच्या वर्गात फळ्याखाली बसलो. पत्रा उचलायचा, दोराला अडून पुन्हा बसायचा. दोर कण्हत होते. सुजाताने माझा हात असा धरला होता की नखं रुतली. तिचं सगळं लक्ष वर होतं.

"कण्हू दे," नाना म्हणाले. "दोर कण्हतोय तवर चांगलं. गप झाला की बघायचं. सूनबाई, कोंडाण्याच्या लग्नाची गोष्ट सांगतो तुला."

आणि ते बोलायला लागले. कुठल्या लग्नात नवरदेव घोड्यावरून पडला, कुठल्या लग्नात जिलेबी संपली म्हणून विहीणबाई रुसून टेंपोत जाऊन बसल्या, कुठल्या लग्नात पावसाने सगळं वऱ्हाड गोठ्यात जेवलं. वारा वाढला की नाना आवाज वाढवायचे. बाहेर काहीतरी प्रचंड मोडून पडलं. गुलमोहर होता. मग अंगणात एक पत्रा येऊन आदळला, त्याच्यावर ग्रामपंचायतीचं निम्मं नाव होतं. नानांनी खिडकीतून बघितलं, "ढिल्ला कारभार," म्हणाले आणि विहीणबाईंकडे परत आले. सुजाता हसली. चार तासांत पहिल्यांदा हसली.

वारा थोडा उतरल्यावर नानाच गप्प झाले. मग म्हणाले, "यंदा एक बी मांडव नाय घातला. लोक म्हणतात, नानाचं नुकसान झालं. नुकसान जाऊ दे. तुझी काकू गेल्यापास्नं मी मांडवातच जेवतो, मांडवातच बोलतो. चैत्रापास्नं कुणी ये बस म्हणालं नाय." सुजाताने डब्यातली अर्धी भाकरी त्यांच्यापुढे ठेवली. ते खाली बघत खात राहिले.

संध्याकाळी बाहेर आलो. शाळेचा एक पत्रा हललेला नव्हता. देवळाचं छप्पर ओढ्यात गेलं होतं. कुंपणाची भिंत पडली होती, पण फाटकातला बांबू जागच्या जागी होता आणि त्याच्यामागे गाव उभं होतं. भिंत पडलेली, कुठूनही आत येता आलं असतं, तरी बांबूमागेच उभं होतं. पुढे दिनकर, त्याची आई डोक्यावर खताची पिशवी घेऊन, मागे माझा चुलतभाऊ, त्याची लहान हायत ती पोरं, आणखी पंधरा-वीस माणसं, सगळी भिजून गारठलेली.

"नाना," दिनकर म्हणाला, "घरावर छप्पर नाय राहिलं. शाळेत येऊ काय?"

नाना फाटकाशी गेले. सगळ्यांकडे एकदा नीट बघितलं.

"बघतो," म्हणाले.

काय सांगू, इतकं समाधान मला बढतीच्या पत्रानेसुद्धा झालं नव्हतं. नाना माझ्या बायकोकडे वळले. "सूनबाई, घर तुझं हाय. काय करायचं?" सुजाता कमरेवर हात ठेवून उभी होती. तिने सरपंचाच्या आईकडे बघितलं आणि म्हणाली, "आजींना आधी आत आणा. बाकीच्यांनी मास्कची नाडी मानेवर बांधा आणि शेजारच्या वर्गात बसा." नानांनी बांबूची गाठ एका बोटात सोडली. आत येणाऱ्या प्रत्येकाची नाडी त्यांनी जातीने तपासली, सरपंचाची दोनदा.

त्या रात्री सरपंचच शाळेत झोपल्यामुळे आमचं कोरंटीन संपलं. पण आमच्या घरावर एक कौल राहिलं नव्हतं. कौलवाला म्हणाला, सगळा तालुका रांगेत आहे, पंधरा-वीस दिवस लागतील. नाना ताडपत्री घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत घर झाकून दिलं. वरून थेंब आला नाही. काम संपलं म्हणून त्यांनी शिडी टेंपोत ठेवली, चहा घेतला, गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. "कोपऱ्यातली गाठ ढिल्ली झाली," म्हणाले. खरंच झाली होती. बांधली, चहा घेतला, सुजाताच्या हातचं जेवले, सासूसारखं तिला काय खावं काय खाऊ नये ते सांगितलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच गाठ. चौथ्या दिवशीही. वारा म्हणाल तर पान हलत नव्हतं. चुलतभाऊ कुंपणावरून बघत होता. तो हसून म्हणाला, "नाना, हात गेला काय तुमचा? रोज गाठ सुटती." मी घाबरलो, आता याच्याशीही दोन वर्षं अबोला. पण नाना शिडीवरून शांतपणे म्हणाले, "वय झालं रं आता. सुटती कधी कधी."

मला काही उलगडेना. पाचव्या दिवशी संध्याकाळी मी न्हाणीघरातून बाहेर येत होतो. नानांचा चहा झाला होता. त्यांनी कप विसळून ओट्यावर उपडा ठेवला, इकडेतिकडे बघितलं, कोपऱ्यातल्या दोराशी गेले आणि एका बोटाने गाठ ओढली. ती सुटली. तो दोर नसता तरी ताडपत्रीला काही झालं नसतं, तो त्यांनी जास्तीचाच बांधलेला होता. मग टेंपो सुरू करून ते निघून गेले.

मी आत जाऊन सुजाताला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तू बोलू नकोस काही."

सहाव्या दिवशी सकाळी कौलवाल्याचा फोन आला. एक गिऱ्हाईक रद्द झालंय, कौलं शिल्लक आहेत, उद्याच येतो म्हणाला. सुजाताने माझ्या हातातून फोन घेतला. बाहेर नाना शिडी लावत होते, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून ती स्वयंपाकघरात गेली.

"सावकाश या हो," ती म्हणाली. "आमची काही घाई नाही."