मेश्राम सर आणि मिठाची काच

मेश्राम सर पाहुण्याला पाणी विचारत नाहीत. नागपूरच्या मे महिन्यात हे जवळपास गुन्ह्यात मोडतं. त्यांच्या प्रयोगशाळेत जायचं तर पाण्याची बाटली दाराबाहेर ठेवायची, छत्री बाहेर ठेवायची, आणि घाम फार आला असेल तर स्वतःही जरा बाहेरच थांबायचं.

"पाणी वैरी आहे गा," ते म्हणतात.

मी त्याच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. माझी खोली त्यांच्या शेजारची, म्हणून मला सगळं माहीत.

सरांनी उभा जन्म एका पांढऱ्या भुकटीपायी घालवला. फॉस्फरस नायट्राइड. तिच्यात फॉस्फरसचा एकेक अणू चार नायट्रोजनना धरून बसलेला असतो. "एकदा धरलं का सोडत नाही," सर हे सोयरिकीतल्या घराण्याचं कौतुक करावं तसं सांगतात. भुकटीवर अवरक्त प्रकाश टाकला की हे बंध थरथरतात आणि आलेखावर आपापल्या ठरलेल्या जागी खड्डा पाडतात. भलत्या जागी पसरट खड्डा दिसला की समजायचं, ओल शिरली.

प्रणाली त्यांची विद्यार्थिनी, पारशिवनीची. तिचा प्रबंध त्या पसरट खड्ड्यापाशी अडला होता. विभागप्रमुख म्हणाले, "तेवढा खड्डा कॉम्प्युटरवर बुजवून टाका ना सर. कोण पाहते?"

"रोड समजले काय सायेब? आन् रोडवरचे तरी कोण बुजवते?"

मग आलेख काढायच्या जुन्या यंत्राच्या जागी नवं यंत्र आलं. विभागप्रमुखांनी उद्घाटन ठेवलं. एक पुढारी आले, झाकण उघडून यंत्राचं पोट त्यांना दाखवलं, आणि कोणीतरी त्यांच्या हाती नारळ दिला.

"नारळ नोको!" सर मागच्या रांगेतून ओरडले. "आत मिठाची काच आहे!"

"मीठ? मंग तं शुभच आहे," पुढारी म्हणाले आणि नारळ टेबलाच्या कडेवर हाणला. खरोखरच मिठाच्या जातीच्या क्षारातून घडवलेली ती काच. नारळाचं पाणी उडताच धुरकट झाली. टाळ्या मात्र जोरात वाजल्या.

नवी काच कधी येणार, कोणालाच ठाऊक नव्हतं. प्रबंधाची मुदत जवळ आलेली. प्रणाली प्रयोगशाळेलगतच्या जिन्यात बसून रडत होती. सर तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "तिकडं जाऊन रड. इथं दमट होते."

दुसऱ्या दिवशी तिची भुकटी त्यांनी प्रयोगशाळेतल्या भट्टीत पुन्हा कोरडी करून काचेच्या बरणीत बंद केली, बरणी मांडीवर घेतली आणि कळमेश्वरच्या बसमध्ये बसले. तिथल्या एका कारखान्यात त्यांचा जुना वर्गमित्र होता आणि त्याच्याकडे धडधाकट यंत्र. सोबतीला मी आणि प्रणाली.

"लोणचं काय काका?" कंडक्टरनं विचारलं.

"हो. मुरून राहिलं. झाकण उघडाचं नाही."

कारखान्यात आलेख कागदावर उतरला. बंधांचे खड्डे जागच्या जागी, ओलीचा पत्ता नाही. प्रणालीनं आनंदानं उडीच मारली.

"बरं आहे," सर म्हणाले. "पुन्हा एकदा काढ."

प्रबंध झाला. प्रणालीला जर्मनीत पुढच्या संशोधनाची जागा मिळाली. निरोप समारंभाला सर आले नाहीत. भट्टी चालू आहे, असा निरोप पाठवला. भट्टी तेव्हा दुरुस्तीला गेली होती, पण हे समारंभात मी कोणाला सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात दुपारी त्यांच्या दारावरून जाताना आवाज ऐकू आला. सर फोनवर बोलत होते.

"तिथची हवा कोरडी असंन. भुकटीले चांगली आहे... आन् तुले? तुले मानवते काय? ... भात खाल्ला? कोणी बनवला? ... एकटीच जेवली काय वं?"

मग बराच वेळ ते नुसते ऐकत राहिले. टेबलावर काही नव्हतं, यंत्रही बंद होतं.

"काम?" ते जरा गडबडले. "नाही वं, काम काही नाही. असाच लावला."