तेरा दिवसांची रजा

आण्णासाहेबांनी पोस्टकार्डावर चौदावी ओळ लिहिली, ‘कोणीही येऊ नये’ या शब्दांखाली दोनदा रेघ ओढली आणि रागारागानं सुपारी तोंडात टाकली. निजामाच्या अमदानीत तहसील कचेरीत कारकून लागलेला हा माणूस. राज्य बदललं, जिल्हा आधी मुंबई राज्यात गेला, मग महाराष्ट्रात आला, पण आण्णासाहेबांची खुर्ची काही हलली नाही. ते थेट पेन्शनीतच निघाले. मूलबाळ नव्हतं. दोन वर्षांपूर्वी बायकोही गेली आणि धाराशिवातल्या त्या दोन खोल्यांत आण्णासाहेब आणि त्यांचा राग असे दोघेच उरले.

कार्ड सोनारीच्या धाकट्या बहिणीला, धुरपदाबाईला होतं. ‘दोन वर्षांत आहे की गेला, एवढंही कुणी विचारलं नाही. माझं कुणावाचून अडलेलं नाही,’ असं बरंच काही. हे वाचून धुरपदा पहिल्या मोटारीनं धावत येईल, अशी त्यांची खात्री होती. तेवढ्यात सुपारीचं खांड दाढेत अडकलं. आण्णासाहेबांनी कार्डाचा कोपरा टरकावून दात कोरला आणि कार्ड पेटीत टाकून आले.

आता कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेल्याचं कार्ड, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ते घरात नेत नाहीत. सोनारीच्या पोस्टमननं ते अंगणातल्या दगडावर ठेवलं आणि लांबूनच सांगितलं, “धाराशिवचं हाय.” धुरपदाबाईनं हंबरडा फोडला. तिचा मुलगा उत्तरेश्वर गावात शाळामास्तर होता. त्यानं रिवाजाप्रमाणं कार्डाचे तुकडे केले, ओढ्यात सोडले आणि अंघोळ केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मायलेक रडत धाराशिवला पोचले. आकांत ऐकून शेजारचा बिभीषण आपली पिठाची गिरणी बंद करून बांबू आणायला पळाला. आण्णासाहेब मोरीत अंघोळ करत होते. ते पंचा गुंडाळून, निथळत बाहेर आले.

“कोण गेलं गं?”

“माझा आण्णा गेला की हो!” धुरपदाबाईनं डोळे मिटूनच सांगितलं आणि पुन्हा सूर लावला. मग डोळे उघडले आणि किंचाळली.

पुढचा अर्धा तास घरात कोण कुणावर चिडलं आहे, ते कळेना.

“मास्तर ना तू? पोरांना वाचायला शिकवतोस ना?” आण्णासाहेब भाच्यावर कडाडले. “चौदा ओळी लिहिल्या होत्या मी!”

“मामा, तसल्या कार्डात वाचायचं काय असतंय?”

“अक्षर माझं होतं! मेलेला माणूस स्वतः पत्र लिहितो?”

“तुमचा काय नेम!” धुरपदाबाई फणकारली. “रडून रडून घसा बसला माझा. अन् तुमी खुशाल अंघोळ करताय!”

इतक्यात खांद्यावर दोन बांबू घेऊन बिभीषण आत शिरला. “सरका, आण्णासाहेब,” म्हणाला आणि जागीच थिजला. मग तोही तापला. “म्या चालती गिरणी बंद करून आलो न्हवं!”

“ही सगळी पोस्टाची बदमाशी!” आण्णासाहेबांनी बैठक मारली, कागद ओढला. “आत्ता वर अर्ज करतो. एकेकाला घरी बसवतो!” तोंडात सुपारी टाकून त्यांनी सपासप चार ओळी लिहिल्या. पाचवीला थांबले. जीभ दाढेकडे गेली. त्यांनी अर्जाचा कोपरा टरकावला आणि दात कोरू लागले.

तिघंही त्यांच्या हाताकडं बघत होते. आण्णासाहेबांनीही बघितलं. अर्जाची घडी करून त्यांनी ती गुपचूप मांडीखाली सरकवली.

“चल रं,” धुरपदाबाईनं गाठोडं उचललं. “मोटार हाय अजून.”

आण्णासाहेब ताडकन उठले.

“थांब! उत्तरेश्वर, रजा किती दिवसांची टाकलीस?”

“तेरा.”

“आणि म्हशी?”

“शेजारच्या जगदेवीच्या हवाली केल्यात,” धुरपदाबाई म्हणाली. “तेरा दिवस.”

“म्हणजे मेलो असतो तर तेरा दिवस राहिला असता! जिवंत निघालो म्हणून तासाभरात चाललात? हा कुठला न्याय? मंजूर झालेली रजा आहे ती!” आण्णासाहेबांचा आवाज चिरकला. पंच्याच्या टोकानं त्यांनी डोळे पुसले. “दोन वर्षं झाली, या घरात माझ्याशिवाय कुणी जेवलेलं नाही.”

धुरपदाबाई दारातच उभी राहिली. मग तिनं गाठोडं खाली ठेवलं आणि पदर खोचला.

“पीठ कुठं ठिवलंय?”

“पीठ कुठलं? ज्वारीची गोणी आहे, पण दळून आणणार कोण? खानावळीचा डबा येतो.”

बिभीषणानं खांद्यावरचे बांबू उतरवून भिंतीला टेकवले.

“त्या गोणीतली जवारी द्या, आक्का,” तो घुश्शातच म्हणाला. “गिरणी चालू करतो. अन् तेरा दिवसांची एकदमच द्या. रोज रोज हेलपाटे नगं.”