परीक्षकसाहेब पाण्यात पडतात

नऊला पाच कमी असताना परीक्षकसाहेबांनी टेबलाचा खण तिसऱ्यांदा उपसला आणि रिकाम्या घरावर ते गरजले, "गाडीची किल्ली कुठाय?"

घर काय बोलणार! किल्ली होती बायकोच्या कमरेच्या पाकिटात, बायको होती तळ्यात आणि गाडी तळ्याच्या काठावर. दुसरी किल्ली? ती हरवू नये म्हणून साहेबांनी स्वतःच गाडीतल्या कप्प्यात जपून ठेवली होती. हे आठवल्यावर ते आणखी भडकले. अर्थात बायकोवरच.

गेलं वर्षभर हे खूळ चाललं होतं. पहाटे उठायचं, गाडीच्या टपावर ती अकरा फुटी फळी बांधायची आणि तळ्यात जाऊन तिच्यावर उभं राहून वल्हं मारायचं. "अगं, देवानं बसायला जागा दिलीय ना? मग पाण्यात उभं कशाला राहायचं?" असं साहेबांनी शंभरदा विचारून झालं होतं. "एकदा येऊन बघा," एवढंच ती म्हणायची.

पण आज गंमत नव्हती. साहेब गाडी चालवण्याच्या परवान्याची परीक्षा घेत. दहाच्या ठोक्याला परीक्षेच्या मैदानाचं फाटक बंद. मिनिटभर उशीर झाला की उमेदवार आल्या पावली परत, आणि पुढची तारीख तीन महिन्यांनी. नियम साहेबांचाच होता. एकोणतीस वर्षांत ते स्वतः एकदाही उशिरा गेले नव्हते. निवृत्तीला महिना उरला असताना हा डाग लागणार म्हटल्यावर त्यांचं डोकं तापलं नसतं तरच नवल.

तणतणत ते पायीच दहा मिनिटांत तळ्यावर पोहोचले. पाण्याच्या मधोमध दहा-बाराजण फळ्यांवर उभे होते आणि मोठमोठ्यानं हसत होते. गुरुवारी सकाळी! लोकांना कामधंदे नाहीत? साहेबांनी हाका मारल्या. वारा उलटा होता, एकही हाक पोहोचली नाही.

काठावर सगळ्यांना शिकवणारी एक म्हातारी फळ्या पुसत होती. तिला सगळे आत्या म्हणत. "बसा जरा," ती म्हणाली. "येतीलच ते."

"बसायला वेळ नाही! मला एक फळी द्या."

"कधी उभे राहिलायत?"

"बाई, एकोणतीस वर्षं मी लोकांना वाहन चालवता येतं की नाही ते ठरवतोय. ही तर नुसती फळी आहे. हिला ना ब्रेक, ना गिअर!"

आत्यानं त्यांच्या अंगावर तरंगायचं जाकीट चढवलं. मग फळीला जोडलेली दोरी ती त्यांच्या घोट्याला बांधायला वाकली, तसे साहेब उसळले. "मी काय बैल आहे, दावणीला बांधायला?"

"पडलात तर फळी लांब जायला नको, म्हणून."

"मी पडणार नाही!"

"बरं. पण वल्हं उलटं धरलंयत."

"माझं मी बघतो!"

आत्यानं हात जोडले. पाच-सहा वल्ही मारेपर्यंत सगळं ठीक होतं, कारण साहेब गुडघ्यांवर होते. पण बायकोपुढे गुडघे टेकून जायचं? इस्त्रीच्या पँटमध्ये? ते त्वेषानं उभे राहिले. "अगं ए! किल्ली दे!" असं ओरडले. बायकोनं वळून पाहिलं, तिच्या चेहऱ्यावर आनंद फुलला, तिनं हात हलवला आणि साहेब धप्पकन पाण्यात गेले.

वर आले तेव्हा नाकावर चष्मा नव्हता, पायात एकच बूट होता आणि फळी वाऱ्याबरोबर पलीकडच्या लव्हाळ्यात निघाली होती. आणि ऐका, त्या लोकांनी काय करावं? सगळ्यांनी वल्ही उचलली आणि पाण्यावर फटाफट आपटून एकच जल्लोष केला.

"हसताय काय निर्लज्जासारखे!" साहेब तोंडातलं पाणी थुंकत ओरडले.

"अहो, हसत नाहीयेत," बायको जवळ येऊन म्हणाली. "पहिल्यांदा पडलेल्याला सलामी देतात इथे. पडला म्हणजे आपल्यातला झाला. मी पडले तेव्हा मला रडूच आलं होतं, इतकं बरं वाटलं."

"मला बरं वाटलेलं नाही! माझा चष्मा!"

चष्मा तळाशी गेला होता. त्यांच्यातल्या एका बेकरीवाल्यानं चार डुबक्या मारल्या, पण तो सापडला नाही. बाकीचे फळीमागे गेले. एका तरुण नर्सनं साहेबांना आपल्या फळीवर ओढून घेतलं. "पालथे पडा, साहेब. अजिबात हलू नका," ती म्हणाली. साहेब पालथे पडले. एकोणतीस वर्षांत त्यांनी कुणाचा हुकूम असा मुकाट ऐकला नव्हता.

काठावर पोहोचेपर्यंत पावणेदहा वाजून गेले.

"परतायला एवढा उशीर केलास, तोही आजच?" साहेबांनी दात वाजवत विचारलं.

"आम्ही परतच निघालो होतो हो!" बायको नर्सकडे बोट दाखवत म्हणाली. "सव्वानऊला काठावर, पावणेदहाला मैदानावर, असं ठरलेलं होतं. हिची आज परीक्षा आहे तुमच्याकडे. हिला सोडायचं, तुम्हालाही घरून घ्यायचं. रात्री चिठ्ठी लावली होती फ्रिजवर."

साहेबांनी फ्रिज उघडला होता, वाचला नव्हता.

बायकोनं गाडी हाणली. मागच्या सीटवर नर्स ओल्या केसांनी बसली होती. घरोघरी जाऊन रुग्ण बघायची नोकरी तिला मिळत होती. मात्र महिनाअखेर परवाना दाखवला तरच. आणि परीक्षेची ही तिची दुसरी खेप, असं बायकोनं सांगितलं.

"मागच्या वेळी का नापास झालात?" साहेबांनी दरडावून विचारलं.

"नापास नाही झाले. एका आजीची पट्टी बदलताना उशीर झाला. दहा वाजून एक मिनिटानं पोहोचले."

साहेब खिडकीबाहेर बघू लागले. चष्म्याशिवाय बाहेर काही दिसत नव्हतं, तरी बघत राहिले.

मैदानाशी पोहोचले तेव्हा दहा वाजून सात मिनिटं झाली होती. फाटक बंद.

"उघड!" साहेब एका बुटावर लंगडत ओरडले.

पहारेकऱ्यानं कडक सलाम ठोकला, पण कडीला हात लावला नाही. "दहानंतर कुणालाही नाही, साहेब."

"अरे, मी आहे!"

"'कुणालाही' लिहिलंय, साहेब. मी मागे विचारलं होतं, मंत्री आले तर? तुम्ही म्हणालात, मंत्र्याचा बाप आला तरी नाही."

"कुठल्या गाढवानं केलाय हा नियम?" साहेबांचा आवाज मैदानभर घुमला. आत रांगेत उभे असलेले चाळीस उमेदवार माना वळवून बघू लागले.

पहारेकरी पडला चाकरीचा माणूस. त्यानं फाटकावरच्या पाटीकडे पाहिलं. साहेबांना दिसत नव्हतं, म्हणून बायकोनं मोठ्यानं वाचून दाखवलं. "खाली सहीसुद्धा आहे," ती म्हणाली. "तुमचीच. छान वळणदार आहे हो."

शेजारी नर्स उभी होती. ती भांडली नाही, रडली नाही. मागच्या वेळी इथूनच परत गेली होती, तशीच आता पिशवी खांद्याला लावून वळायला लागली.

"थांबा!" साहेब खेकसले. राग अजून तेवढाच होता, पण ओरडायला आता समोर दुसरं कुणी उरलं नव्हतं. "पेन द्या."

ओल्या हातानं त्यांनी पाटीवर आडवी रेघ मारली.

"तारीख टाका, साहेब," पहारेकरी म्हणाला. "नाहीतर चालणार नाही."

त्यांनी तारीख टाकली. फाटक उघडलं.

नर्स पास झाली. साहेबांनी तिचे दोन गुण कापले, ते कापले नसते तर त्यांना रात्री जेवण गेलं नसतं. संध्याकाळी ते उसन्या चपला घालून निघणार, तेवढ्यात पहारेकरी एक जाडजूड वही घेऊन आला.

"हे काय?"

"उशीर झाला म्हणून फाटकावरनं परत पाठवलेल्यांची नावं, साहेब. पत्त्यासकट. मला आपलं वाईट वाटायचं, म्हणून लिहून ठेवायचो. आता नियम गेला, तर यांना बोलवायचं ना?"

साहेबांनी वही डोळ्यांजवळ धरली. पान उलटलं. आणखी एक उलटलं. "एवढे?"

"ही तिसरी वही आहे. पहिल्या दोन घरी आहेत."

साहेब खुर्चीत बसले. मग सवयीप्रमाणे कडाडले, "उद्या घेऊन ये. आणि बरोबर दहाच्या आ..."

त्यांनी जीभ चावली.

"जमेल तेव्हा ये," ते म्हणाले.