मेश्रामकाकांचा बिल्ला

मेश्रामकाकांकडे तुम्ही काहीही मागा. शिडी, पाना, चार पानं कढीपत्ता. ते नाही म्हणत नाहीत, पण आधी हात पुढे करतात आणि विचारतात, "बिल्ला?"

घमापुरात आमच्या शेजारच्या घरात राहणारे हे काका पस्तीस वर्षं फॅक्टरीच्या टूल रूममध्ये स्टोअरकीपर होते. तिथली रीत अशी, की कामगाराने आपला पितळी बिल्ला द्यायचा आणि अवजार न्यायचं. अवजाराच्या जागी खिळ्यावर बिल्ला लटकतो. अवजार परत आलं की बिल्ला परत. रिटायर झाल्यावर काकांनी पितळेचा पत्रा आणला, गोल बिल्ले कापले, नंबर ठोकले आणि गल्लीत घरोघरी वाटले. कढीपत्त्याचा बिल्ला परत कसा मिळवायचा, असं तुम्ही विचाराल. सोपं आहे. झालेली भाजी वाटीभर नेऊन द्यायची.

चौदा नंबर माझा. तो तीन वर्षं त्यांच्या कपाटात लटकत होता, कारण त्यांची इंग्रजी डिक्शनरी माझ्याकडे होती. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी जरा मोठ्यानेच सांगते. ज्यांच्याकडे पिढ्यान् पिढ्या डिग्र्या आहेत त्यांनी हळू सांगावं. बी.ए. झाल्यावर डिक्शनरी परत द्यायला गेले तेव्हा काकांनी तिच्या कडा पाहिल्या, शिलाई पाहिली आणि म्हणाले, "घिसली आहे. म्हणजे काम झालं." बाकी कोण काय म्हणालं ते मी विसरले.

काकू गेल्या, मुलगा परदेशात. म्हणून या जानेवारीत आम्ही बरगीला, धरणाच्या पाण्याकाठी तंबूत राहायला निघालो तेव्हा काकांनाही बरोबर घेतलं. आम्ही म्हणजे मी, नवरा प्रशांत, सात वर्षांची ओवी आणि आई. आईचा तंबूला विरोध होता. जन्मभर पक्क्या घरासाठी मरमर केली आणि आता पैसे देऊन कापडाखाली झोपायचं, हे तिला पटत नव्हतं.

पोचल्यावर लोक पाणी पाहतात. काकांनी तंबूच्या खुंट्या पाहिल्या. प्रत्येकीला लाथ मारून दोन रिजेक्ट केल्या आणि कॅम्प सांभाळणाऱ्या बर्मन भैयाकडून पुन्हा ठोकून घेतल्या. मग पिशवीतून एक फळी काढली. फळीवर खिळे. ती झाडाला बांधून त्यांनी आम्हा चौघांना बिल्ले वाटले आणि नियम सांगितला. कॅम्पच्या बाहेर पाऊल टाकताना बिल्ला टांगायचा, आल्यावर काढून खिशात ठेवायचा. फळी रिकामी म्हणजे सगळे हजर.

"काका, आम्ही माणसं आहोत, पाने नाही," प्रशांत म्हणाला.

"पाना हरवला तर दुसरा येते," काका म्हणाले. "बिल्ला टांग."

प्रशांतने ऐकलं नाही. तो बर्मन भैयाच्या नावेत बसून मधोमध पोचला तेव्हा काकांनी गळ्यातली शिटी फुंकली, ती नाव वळेपर्यंत फुंकत राहिले. बर्मन भैयाला वाटलं कुणी बुडालं. तो घाबराघुबरा होऊन परत आला. प्रशांत लाइफ जॅकेटमध्येच उतरला, काठावरच्या सगळ्या पर्यटकांसमोर बिल्ला टांगला आणि पुन्हा नावेत जाऊन बसला. आई त्या दिवशी पहिल्यांदा हसली. ओवीला मात्र हा खेळ फारच आवडला. पाच पावलं जायची, धावत येऊन बिल्ला काढायची, पुन्हा टांगायची.

या खेळाच्या नादात संध्याकाळी ती बिल्ला मुठीत धरूनच माझ्याबरोबर काठाने वळणापलीकडे फिरून आली, आणि तो हरवला. ती रडायला लागली. मला वाटलं, आता काका तिला नियम ऐकवणार. पस्तीस वर्षांत एक वस्तू हरवली नाही म्हणून सांगणारा माणूस. पण त्यांनी निमूट दुसरा बिल्ला काढून तिच्या हातात ठेवला आणि विषय बदलला.

सकाळी पाण्यावर दाट धुकं होतं. बर्मन भैयाने चहा आणला. मी सवयीने फळीकडे पाहिलं. रिकामी. म्हणजे सगळे हजर. एका रात्रीत मला त्या फळीची इतकी सवय झाली होती की मी माणसं मोजलीच नाहीत. आम्ही चहा प्यायलो, आईने थंडीवरून टोमणे मारले, प्रशांतने सामान आवरायला घेतलं. मग ओवी एका ग्लासकडे बोट दाखवून म्हणाली, "आजोबांच्या चहावर साय आली."

काका तंबूत नव्हते. शिटी उशाला पडली होती. काठाच्या ओल्या मातीत त्यांच्या चपलांचे ठसे होते, आणि ते पाण्याच्या दिशेने गेले होते.

त्यानंतरची वीस मिनिटं मला पुन्हा नकोत. प्रशांत काठाने धावला, मी बर्मन भैयाबरोबर नावेत बसले. धुक्यात हाका मारायच्या आणि थांबून ऐकायचं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, पोहता येत नाही, आणि आपण चहा पीत बसलो होतो, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

वळणापलीकडच्या खडकावर ते बसलेले दिसले. पाय मुरगळलेला, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं. त्यांनी मूठ उघडून दाखवली. ओवीचा बिल्ला होता.

"मिल गया," ते म्हणाले. "काल इथंच खेळून राहिली होती ते."

मी चिडले. "दुनियेला नियम सांगता, मग स्वतः काहून नाही टांगला बिल्ला?"

"माझा कुठं आहे, बेटा?" ते अगदी साधेपणाने म्हणाले. "स्टोअरकीपरचा बिल्ला नसते. तो कुठं जाते? अन् गेला तरी पाहाले कोण बसलं आहे?"

 आम्ही त्यांना धरून नावेत बसवलं. कॅम्पवर आईने त्यांना चार शब्द सुनावले आणि लगेच हळद गरम करायला घेतली. ओवीने सापडलेला बिल्ला परत घेतला नाही. म्हणाली, माझ्याकडे एक आहे, हा तुम्हीच ठेवा. काकांनी तो उलटसुलट पाहिला, धोतराला पुसला आणि खिशात टाकला.

घरी आल्यावर मी समोरच्या खोलीत, माझ्या डिग्रीच्या फ्रेमशेजारी एक खिळा ठोकला. पाय बरा झाल्यावर काका तो पाहायला आले. "तिरपा आहे," म्हणाले. "रिजेक्ट."

आता रोज सकाळी ग्वारीघाटला फिरायला निघताना ते आमच्याकडे डोकावतात, त्याच तिरप्या खिळ्यावर बिल्ला टांगतात आणि जातात. आठ वाजायला आले की आई भाजी चिरता चिरता तीनदा भिंतीकडे बघते. मग दारात चपला वाजतात, काका आत येऊन बिल्ला काढतात, आणि मी चहा गाळते. पाच कप.