दोन पायजमे लांबची गुहा

"पूजे, मागं फिर. मागं फिर म्हणतो ना मी तुले. अस्वल हाय तिकडं, अस्वल!"

ही आरोळी सुखदेवभाऊंच्या शिलाईच्या दुकानातून आली आणि आमची अख्खी गल्ली उठली. बुलढाण्यात अस्वल या शब्दाची कोणी थट्टा करत नाही. इथलं अस्वल गोष्टीतलं नाही. बोरं पिकली की ते गावाच्या कडेला येतं, आणि समोर माणूस आलाच तर त्याचा चेहरा ओळखू येण्यासारखा ठेवत नाही. मी मुसळ घेऊन धावलो. गल्लीतले वानखेडे सर पाण्याच्या टाकीवर चढले आणि तिथून आम्हाला मार्गदर्शन करू लागले. त्यांच्या बायकोनं परात बडवली. कोणीतरी दिवाळीचा उरलेला सुतळी बॉम्ब लावला. त्या आवाजानं गल्लीतली एकूणएक कुत्री जी पळाली, ती थेट चिखलीला जाऊन थांबली असं म्हणतात.

दुकानात पाहतो तर काय, सुखदेवभाऊ मशीनवर बसलेले. एक हात डोळ्यांवर, बोटांच्या फटीतून नजर बाजूच्या संगणकावर. पाय मशीनच्या पायट्यावर, आणि मशीन रिकामंच धडाधडा पळत होतं. पडद्यावर बर्फच बर्फ. त्यात लाल जाकिटातली एक पाठमोरी मुलगी जीव तोडून पळत होती.

"कुठं हाय अस्वल?" मी मुसळ उगारून विचारलं.

"पायजमाभर लांब," भाऊ मागे न बघता म्हणाले. "दारातून सरका जरा. उजेड अडून राह्यला."

त्या दिवशी जखमी एकच जण झाला. वानखेडे सर, टाकीवरून उतरताना.

सुखदेवभाऊ इंगळे माझे शेजारी. मी कोर्टाबाहेर टायपिंग करतो, त्यामुळे मला खोटं बोलायची सवय नाही, फक्त ऐकायची आहे. तेव्हा खात्रीनं सांगतो, जिल्ह्यात, घाटावर आणि घाटाखाली मिळून, यांच्याइतका भित्रा माणूस झाला नाही. हा माणूस पंख्याखाली झोपत नाही. नारळपाणी उकळून पितो. मेहकरला जायचं तर ड्रायव्हरच्या पाठीमागच्याच सीटवर बसतो आणि दर वळणाला विचारतो, "भाऊ, झोप झाली ना तुमची?" एका ड्रायव्हरनं म्हणे बदली मागून घेतली.

त्यांची मोजमापंही वेगळीच. त्यांना वेळ आणि अंतर दोन्ही कपड्यात कळतं. एक पायजमा शिवायला लागेल तेवढा वेळ म्हणजे एक पायजमा. बसस्टँड त्यांच्या घरापासून अर्धा पायजमा, कोर्ट एक सदरा, आणि बायको वारली ती दवाखान्याच्या वाटेवर, "एका परकराचं अंतर राह्यलं होतं."

असा माणूस संगणकावर हा खेळ खेळत होता. खेळ कसला, वनवासच. नुसतं जंगल, डोंगर आणि बर्फ. कुठे जायचं ते कोणी सांगत नाही. लांडगे आहेत, अस्वल आहे, भूक आहे, थंडी आहे. नकाशा मात्र नाही. ज्यानं खेळ बनवला तोच आत गेला तर घरच्यांनी आशा सोडावी, अशी ती जागा. त्यात जीव एकच. मेलं की सगळं पुसलं जातं.

"नकाशा नाई त मंग वाट कशी सापडते तुमाले?" मी एकदा विचारलं.

"आधी कच्चा टाका," भाऊ म्हणाले.

हा त्यांचा मंत्रच. पक्की शिलाई मारण्याआधी कापडावर हातानं मोठेमोठे कच्चे टाके घालतात, नंतर ते उसवून टाकतात. भाऊ सगळं आयुष्य त्याच पद्धतीनं जगले. लग्नाला होकार देतानासुद्धा म्हणाले होते, "सध्या कच्चा टाका समजा." खेळातही तेच. मुलीचा मुक्काम एका गुहेत. तिथून निघालं की तिला दर वळणावर एक काडी टाकायला लावायची. परतताना एकेक काडी उचलत यायचं. शिवण झाल्यावर टाके अंगावर ठेवायचे नाहीत, हा धंद्याचा नेम. बाकीचं जग तो खेळ हिंडण्यासाठी खेळतं. भाऊ परत येण्यासाठी खेळायचे. गुहेपासून दोन पायजम्यांच्या पुढे ते कधी गेलेच नाहीत. लाकडं आणायची, शेकोटी पेटवायची, तिला खाऊ घालायचं, झोपवायचं, आणि मग दुकान बंद करायचं.

गल्लीला त्या खेळाचं वेड लागलं. संध्याकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नसे. लांडगा ओरडला की वानखेडे सर माझा हात धरायचे. माझ्या मनगटावर अजून वळ आहेत, कोणालाही दाखवतो. आणि मुलगी पळाली की भाऊंचा पाय मशीनवर पळायचा. त्या भीतीत काय काय शिवलं जाई त्याला सुमार नव्हता. आमच्या एका वकील साहेबांच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या. त्यांनी तो तसाच घालून केस चालवली आणि जिंकली, ते वेगळं.

पण एक गोष्ट मला खटकत होती. जो माणूस उंदराला "या, बसा" म्हणतो, तो रोज हा जीवघेणा प्रकार का करतो? एकदा दुकानात दोघंच होतो तेव्हा विचारलं.

भाऊंनी सुईत दोरा ओवला. बराच वेळ ओवला. मग म्हणाले, "हे तिचं हाय सगळं. पूजीचं."

पूजा त्यांची एकुलती एक मुलगी. परीक्षेचा अभ्यास करता करता हा खेळ खेळायची. वनरक्षकाची नोकरी लागली, घाटाखालच्या जंगलात. ती गेली आणि संगणक तसाच राहिला. भाऊ तो बंद करायला गेले तर हे उघडलं.

"बर्फात उभी होती हो ती. नाव पूजाच लिहेल होतं. थंडी वाजून राह्यली, हात चोळून राह्यली. आता तिले तशीच ठेवून कसं बंद करू, तुमीच सांगा." मग म्हणाले, "तिची पाठच दिसते पाहा यात. एस्टीत चढली तवा बी पाठच दिसली होती."

मी टायपिंग करणारा माणूस. समोरचा बोलायचा थांबला की माझी बोटं थांबतात. तसा थांबलो.

पूजाला भेटायला भाऊ एकदाही गेले नव्हते. एकदा निघाले होते, मेथीचे पराठे बांधून. घाटाच्या तोंडाशी त्यांनी बस थांबवली, डबा कंडक्टरच्या हातात दिला आणि चालत परत आले. डबा पोचला. भाऊ राहिले. तिथे पूजा रोज पायी जंगल तुडवते, आणि तिथली अस्वलं पडद्यावरची नाहीत. म्हणून त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं, की इथली पूजी सुखरूप तर तिथली सुखरूप. हे मला त्यांनी सांगितलं, आणि मी शपथेवर कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला माहीत होतं.

तेव्हापासून हसणं बंद झालं. लोक अस्वल पाहून आधी घाबरायचे ते मजेनं, आता खरोखर घाबरू लागले.

मग तो दिवस उजाडला. घाटाखाली एका शेतात अस्वलानं माणूस फाडल्याची बातमी सकाळीच आली. वनखात्याची माणसं मागावर गेली होती, त्यात पूजा होती. तिचा फोन लागेना. जंगलात तो तसाही लागत नाही, पण हे ज्याची मुलगी तिथे आहे त्याला सांगून पाहा. भाऊंनी दिवसभर फोन लावला. ऊन उतरता उतरता तो बाजूला ठेवला आणि संगणक सुरू केला. गल्ली न बोलावता जमली.

नेमकं गुहेतलं खाणं संपलेलं. जवळपासचं सगळं वेचून झालं होतं. डोंगरापलीकडे नदी होती, तिथे मासे मिळाले असते. पण ती पाच पायजमे लांब.

"नका जाऊ," वानखेडे सर म्हणाले.

"उपाशी ठेवू का तिले?" भाऊ म्हणाले.

निघाली. वळण आलं की काडी. झाड आलं की काडी. नदी सापडली, मासे मिळाले. माझ्या बायकोनं देवाला हात जोडले. परतीला लागली. भाऊ नेमानं एकेक काडी उचलत होते, उचलत होते, अर्ध्या वाटेवर आले, आणि समोर, पुढच्या काडीवरच, ते काळं धूड बसलेलं.

"मागं फिरवा," सगळेच म्हणाले.

फिरवली. मशीन पळायला लागलं. आणि भाऊंच्या लक्षात आलं, माझ्याही आलं. मागच्या वाटेवर एकही काडी नव्हती. आपल्याच हातानं सगळे टाके उसवून टाकले होते. इतक्यात धुकं उतरलं. डोंगर गेला, नदी गेली, झाडंसुद्धा एकसारखी. नुसती ती लाल पाठ, आणि मागून धापांचा आवाज. मशीन एवढं जोरात पळत होतं की दुकान घाटाखाली उतरतं की काय असं वाटलं.

मग मशीन थांबलं.

पडदा काळा झाला आणि त्यावर इंग्रजीत दोनच शब्द उमटले. वानखेडे सरांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातलाच नाही.

"काय लिहिलं हो तिथं?" भाऊंनी मला विचारलं.

मी जन्मभर राईचा पर्वत करत आलो. पण त्या वेळी एक साधी थाप जुळेना. "थोडं थांबा, असं लिहिलंय," मी म्हणालो.

"मले तेवढं इंग्रजी येते," भाऊ म्हणाले.

ते तसेच बसून राहिले, पाय पायट्यावर. कोणाला निघावंसं वाटेना आणि थांबावंसंही वाटेना. बाहेर दिवे लागले. माझ्या बायकोनं चहा आणला, त्यावर साय धरली तरी कोणी कप उचलला नाही. आणि मग कात्रीखाली ठेवलेला फोन वाजला. भाऊ त्याच्याकडे बघत राहिले, अस्वलाकडे बघायचे तसे, बोटांच्या फटीतून. शेवटी मीच बटण दाबून आवाज मोठा केला.

"बाबा?" पूजाचा आवाज आला. "दिवसभर रेंज नव्हती. आत्ता आली खोलीवर."

भाऊ फोनवर वाकले. म्हणाले:

"पूजे, तुले अस्वलानं मारलं वं. माह्या हातानं झालं. टाके उसवले मी."

 पलीकडून भांड्याचा आवाज आला, आणि तव्यावर काहीतरी चर्रकन झालं.

"बरं," ती म्हणाली. "पोळ्या करून राह्यली मी, बाबा. मंग करते फोन."